लहान खोली, मोठी लॉबी

‘डिझाइन हॉटेल’ या नावाखाली गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या महानगरांत जी हॉटेले उभी राहिली, त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण एक सिद्धान्त न तपासता पुढे नेत आले आहेत. तो असा की, पूर्वी देखणेपण ही श्रीमंतांची मिरास होती; या हॉटेलांनी ती मोडली आणि बेताच्या पैशांत प्रवास करणाऱ्यालाही चांगल्या रचनेचा वाटा दिला. सिद्धान्त अगदीच खोटा नाही. पण त्याचा पुरावा पाहिला तर गंमत वाटते. पुस्तकांत आणि नियतकालिकांत या हॉटेलांची जी छायाचित्रे छापली जातात ती जवळपास सगळी लॉबीची, जिन्याची, बारची असतात. खोलीचे छायाचित्र असलेच तर एखाद्या कोपऱ्याचे, उशीच्या उंचीवरून घेतलेले. खोली किती बाय किती, हे सहसा कुणी सांगत नाही.

वास्तुरचनेची पदवी माझ्याकडे नाही. पंचवीस वर्षे औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन तालुक्याची गावे फिरलो आणि एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर राहिलो; नकाशे वाचायला पुढे हळूहळू, पुस्तकांवरूनच शिकलो. लॉजवर राहणाऱ्याला एक सवय लागते. खोलीत शिरल्या शिरल्या तो खाट आणि भिंत यांच्यातले अंतर पाहतो, मग खिडकी, मग न्हाणीघर. या हॉटेलांकडेही मला त्याच बाजूने पाहावेसे वाटते. पैसे कुठे वाचवले, आणि वाचवले ते दाखवले की झाकले, एवढाच माझा प्रश्न आहे. उदाहरण न्यूयॉर्कचे घेतो. हा प्रकार तिथे जन्मला असे मानले जाते, आणि ज्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही असा त्याचा पूर्वजही तिथेच सापडतो.

१९८४ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर ‘मॉर्गन्स’ हे हॉटेल उघडले. मालक इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल. ‘स्टुडिओ ५४’ हा नाइटक्लब १९७७ साली काढून गाजवलेली आणि करचुकवेगिरीपायी तुरुंगात जाऊन आलेली ही जोडी. मोठी हॉटेले म्हणजे सगळे काही एका छपराखाली विकणारी भव्य दुकाने, आपले हॉटेल मात्र निवडक मालाचे छोटे दुकान, अशी तुलना करून ‘बुटिक हॉटेल’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय रुबेलला दिले जाते. इमारत १९२० च्या दशकातली, शंभराच्या थोड्या वर खोल्यांची. तुरुंगातून आलेल्या माणसांच्या मागे बँका उभ्या राहत नाहीत, त्यामुळे पैसा बेताचा होता. अंतर्गत रचनेसाठी त्यांनी पॅरिसहून आंद्रे प्युटमन या बाईंना बोलावले. त्या वेळी त्या साठीला टेकल्या होत्या.

प्युटमनबाईंची पूर्वपीठिका इथे महत्त्वाची आहे. ‘प्रिझ्युनिक’ या फ्रान्समधल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानमालिकेसाठी त्यांनी काम केले होते. नामांकित चित्रकारांची शिळाछापाची चित्रे सामान्य गिऱ्हाइकाला परवडतील अशा किमतीत तिथे विकली जात. १९७८ साली त्यांनी ‘एकार’ ही संस्था काढली आणि आयलीन ग्रे, रोबेर माले-स्तेव्हांस यांच्या विस्मरणात गेलेल्या फर्निचरचे पुन्हा उत्पादन सुरू केले. म्हणजे स्वस्त वस्तूकडे नाक न मुरडता पाहण्याची आणि जुनी चांगली वस्तू ओळखण्याची अशी दुहेरी शिस्त त्यांच्या हाताला होती. मॉर्गन्सची न्हाणीघरे हे या शिस्तीचे फळ. संगमरवराला पैसे नव्हते. बाईंनी साध्या काळ्या-पांढऱ्या फरशा घेतल्या आणि त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या. हात धुवायला स्टेनलेस स्टीलचे बेसिन. बाहेर खोलीत करडे, फिके रंग, बुटका पलंग, खिडकीशी बसायला जागा, भिंतीवर रॉबर्ट मेपलथॉर्पने टिपलेली फुले.

त्या न्हाणीघराचे छायाचित्र मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी तेच जाणवते : इथे काहीही दुसऱ्या कशाचे सोंग घेत नाही. फरशी फरशीसारखी दिसते. ती स्वस्त आहे हे कळते, आणि ती नीट बसवली आहे हेही कळते. दोन फरशांमधली सांध सरळ असली आणि कोपऱ्यात फरशी कापावी लागली नाही, की फरशीची किंमत कुणी विचारत नाही. आपल्याकडचा चांगला गवंडी हे जाणतो. मॉर्गन्समध्ये राहणे काही स्वस्त नव्हते. स्वस्त होती ती सामग्री. पण टंचाईला सामोरे जाण्याचा जो मार्ग बाईंनी घेतला तो पुढच्या स्वस्त हॉटेलांना खुला होता. त्यांनी तो फारसा घेतला नाही, आणि मॉर्गन्सच्या दारावर नावाची पाटी नव्हती ही क्लृप्ती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. ज्याला ठाऊक आहे त्यानेच यावे, हा त्या पाटी नसण्याचा अर्थ. मला ती गोष्ट कौतुकाची वाटत नाही.

खरी फाटाफूट होते ती पुढच्या हॉटेलापाशी. १९९० साली टाइम्स स्क्वेअरजवळ ४६ व्या रस्त्यावर ‘पॅरामाउंट’ नव्या रूपात उघडले. रुबेल आदल्या वर्षी वारला होता. श्रेगर एकटा होता. रचनाकार फिलिप स्टार्क. खोल्या सहाशेच्या आसपास, आणि भाडे शंभर डॉलरच्या आसपास सुरू होणारे, म्हणजे मॅनहॅटनच्या मध्यवस्तीत चक्क परवडणारे. ‘स्वस्त पण देखणे’ हे घोषवाक्य याच हॉटेलाला चिकटले. खोल्या इतक्या लहान होत्या की सामान उघडायचे तर पलंगावरच. लॉबी मात्र प्रचंड. तिरका वर चढत जाणारा जिना, वरून खाली पाहता येईल असा सज्जा, एकमेकींशी मेळ नसलेल्या खुर्च्या, प्रवेशापाशी भिंतीत एकेकटे खोवलेले गुलाब. हॉटेलची लॉबी म्हणजे रंगमंच आणि पाहुणा हाच नट, ही श्रेगरची कल्पना इथे पुरी झाली.

ही इमारत मुळात कुणाची, हे पाहिले की स्टार्कच्या लॉबीचे नवल थोडे कमी होते. १९२८ साली ती बांधली टॉमस लॅम्ब या वास्तुविशारदाने, आणि लॅम्ब हा नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बांधणारा माणूस. मुंबईकरांना त्याचे काम परके नाही. धोबी तलावच्या कोपऱ्यावरचे मेट्रो, १९३८ सालचे, त्याचेच. मेट्रोच्या जिन्यावरून चढताना ज्यांना आपण कुणीतरी मोठे आहोत असे वाटले असेल, त्यांना लॅम्बचा हिशेब कळला आहे. तिकीट एका खुर्चीचे काढायचे. संगमरवरी जिना, झुंबरे आणि गालिचा त्यात धरलेला. अंधार झाला की खुर्ची दिसतच नाही. पॅरामाउंटने हाच हिशेब हॉटेलाला लावला. फरक इतकाच की चित्रपट तीन तासांत संपतो, आणि हॉटेलात रात्र काढायची असते.

त्या रात्रीच्या सोबतीला स्टार्कने अनेक खोल्यांत पलंगाच्या डोक्याशी सोनेरी चौकटीत एक प्रचंड चित्र लावले : व्हर्मीरची ‘लेस विणणारी’. हॉटेलाच्या कोणत्याही वर्णनात या चित्राचे कौतुक असते. स्वस्त खोलीत अभिजात कला आली, असे म्हणतात. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद, वहीच्या पानाएवढे, व्हर्मीरच्या सर्वांत लहान चित्रांपैकी एक. मान खाली घालून एक मुलगी बोटांशी सुते धरून काम करते आहे, आणि तिच्या कामात आपला व्यत्यय नको म्हणून पाहणाऱ्यालाही श्वास रोखावासा वाटतो. त्या चित्राचे सगळे बळ त्याच्या लहानपणात आहे. लहान जागेत किती लक्ष मावते, हे ते दाखवते. लहान खोलीला खरोखर काही शिकवू शकेल असे हे चित्र. आणि स्टार्कने ते फुगवून भिंतीएवढे केले, खोलीच्या लहानपणावर पडदा म्हणून. शिवाय ते डोक्यामागे. पलंगावर आडव्या झालेल्या माणसाला ते दिसतही नाही. दिसते ते दारातून आत येणाऱ्याला आणि छायाचित्रकाराला.

स्टार्कच्या प्रतिभेबद्दल मला शंका नाही. ती प्रतिभा कोणत्या कामाला जुंपली गेली, एवढेच इथे दाखवायचे आहे. प्युटमनबाईंनी टंचाई उघडी ठेवून तिला शिस्त लावली. स्टार्कने तिच्यावर चित्र टांगले. यानंतर जगभर जी स्वस्त डिझाइन हॉटेले निघाली त्यांतली बहुतेक स्टार्कच्या वाटेने गेली.

आता पूर्वजाकडे वळतो. लहान खोली आणि मोठी लॉबी ही जोडी श्रेगरने शोधली असे म्हणणाऱ्यांनी ग्रीनविच व्हिलेजमधल्या ब्लीकर स्ट्रीटवरची एक इमारत पाहावी. १८९७ साली तिथे ‘मिल्स हाउस’ नावाचे हॉटेल उघडले. पैसा डेरियस ओग्डेन मिल्स या धनाढ्य बँकरचा, रचना अर्नेस्ट फ्लॅगची. (याच फ्लॅगने पुढे न्यूयॉर्कची गगनचुंबी ‘सिंगर’ इमारत बांधली.) राहणारे होते एकटे, गरीब, कष्टकरी पुरुष. खोल्या दीड हजारांवर, एकेकट्याच्या, खाट आणि खुर्ची मावेल एवढ्याच. भाडे रात्रीला २० सेंट. आणि या चिमुकल्या खोल्या ज्यांच्याभोवती रचल्या होत्या ते दोन मोठे चौक, वर काचेचे छत, खाली वाचायला, बसायला, धूम्रपानाला जागा. छायाचित्रात तो चौक एखाद्या उंची हॉटेलाचा वाटावा. मिल्स हा काही दानशूर म्हणून हे करत नव्हता. माफक का होईना, नफा व्हावा ही त्याची अट होती आणि तशी जाहीर भूमिकाही होती. गरिबांसाठीचे घर धर्मादायावर चालू नये, व्यवहार म्हणून चालावे, अशी ही विचारसरणी. अशी तीन हॉटेले त्याने काढली.

लहान खोलीच्या बदल्यात मोठा दिवाणखाना ही अदलाबदल न्यूयॉर्कने प्रथम हमालांवर, कारागिरांवर, कामाच्या शोधात आलेल्यांवर करून पाहिली आहे, ती अशी पॅरामाउंटच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी. तिच्यात एक काटाही होता. दिवसा खोल्या बंद. सकाळी बाहेर पडायचे, संध्याकाळी परत. माणसाने दिवसभर काम करावे किंवा काम शोधावे, खोलीत लोळू नये, हा हेतू. चौकात कितीही उजेड असला तरी आजारी माणसाला दुपारी पडून राहायला स्वतःची खाट नाही. गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत आणि संसार गॅलरीत सांडे, तरी खोलीचे दार दुपारी आपल्यासाठी उघडे असे. म्हणून चाळीशी या हॉटेलाची तुलना मला पुरती पटत नाही. सार्वजनिक जागेची भव्यता खासगी जागेची भरपाई करू शकते का, या प्रश्नाचे उत्तर ‘खोलीचे दार कोणाच्या ताब्यात आहे’ यावर अवलंबून आहे. डिझाइनवरच्या लेखनात हा मुद्दा मला कुठे आढळला नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कायद्यांचा आहे आणि रुक्ष आहे. पण त्याच्याशिवाय पुढचे कळत नाही. मिल्सनंतर न्यूयॉर्कभर एकेका खोलीच्या, सामायिक न्हाणीघराच्या भाडेहॉटेलांचे जाळे पसरले. आठवड्याच्या भाड्याने तिथे माणसे वर्षानुवर्षे राहत. बोवरी हा रस्ता तर यांच्याहून हलक्या रात्रनिवाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होता. तिथे पत्र्याच्या वा लाकडी आडोशाच्या खुराड्यांवर कोंबड्यांची जाळी ताणून छत केलेले असे. १९५५ साली शहराने अशी नवी एकखोली निवासस्थाने बांधायला बंदी घातली : इतक्या लहान जागेत राहणे माणसाला शोभत नाही. १९७० च्या दशकात करसवलती देऊन असलेलीही मोडून महागड्या सदनिका करायला उत्तेजन दिले. त्यातून लाखभर खोल्या गेल्या असा अंदाज नेहमी दिला जातो. रस्त्यावर झोपणाऱ्यांची संख्या वाढली तसे शहर जागे झाले आणि १९८५ साली हे रूपांतर थांबवण्याचा कायदा आला. १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, घरमालकांच्या मालमत्तेच्या हक्कावर आक्रमण म्हणून, पुढे कडक केलेला तो कायदा रद्द केला. पुढच्याच वर्षी पॅरामाउंट उघडले. पॅरामाउंटने गरीब भाडेकरू बाहेर काढले असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्यापाशी नाही. मी तारखा शेजारी शेजारी ठेवतो आहे. ज्या दशकात लहान खोली हा गरिबांसाठी लांच्छनाचा विषय ठरून नाहीशी होत होती, त्याच दशकात प्रवाशासाठी ती शैली म्हणून परत येत होती.

बोवरीवर हे वर्तुळ अगदी डोळ्यांपुढे पुरे झाले. २०१८ साली तिथे ‘सिटिझनएम’ या डच मालिकेचे तीनशे खोल्यांचे हॉटेल उघडले. या मालिकेचा संस्थापक रतन चढ्ढा, दिल्लीत वाढलेला आणि ‘मेक्स’ हा कपड्यांचा ब्रँड उभारून नंतर हॉटेलात शिरलेला. पहिले हॉटेल २००८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर निघाले. सुरुवातीच्या हॉटेलांतली खोली १४ चौरस मीटरची, म्हणजे आपल्या मोजणीने दीडशे चौरस फूट, न्हाणीघर धरून. पलंग भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीला भिडलेला. कपाट जवळजवळ नाही. दिवे, पडदे, दूरदर्शन सगळे एका टॅब्लेटवरून. नाव नोंदवायला काउंटरवर माणूस नाही, यंत्र आहे. खाली मात्र नामवंत खुर्च्या, पुस्तकांनी भरलेल्या मांडण्या आणि चोवीस तास उघडा दिवाणखाना. मिल्सचाच आराखडा, वर काच नाही इतकेच.

तरीही माझ्या मते हे हॉटेल पॅरामाउंटपेक्षा सरस आहे, आणि ते का, हे सांगायला हवे. इथे काही झाकलेले नाही. पलंग भिंतीला भिडला आहे तो जागा नाही म्हणून, आणि तसा तो दिसतो. दोघे झोपले तर आतल्या माणसाला दुसऱ्यावरून ओलांडून उठावे लागते, हे आराखड्यात पाहिले की लगेच कळते. खिडकी पूर्ण भिंतीची आहे, कारण लहान खोलीला देता येण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट बाहेरचा उजेड आहे. रचनाकारांनी खोलीचा विचार खोलीतून केला आहे. प्युटमनबाईंच्या फरशीशी याचे नाते लागते.

बोवरीच्या या खोल्या पोलंडमधल्या कारखान्यात तयार झाल्या. दोनशेच्या वर पेट्या, आत पलंग, न्हाणीघर, दिवे सगळे बसवलेले. जहाजाने अटलांटिक ओलांडून आल्या आणि एकावर एक रचल्या गेल्या. हॉटेल एका देशात बनवून दुसऱ्या देशात उभे करायचे, ही कल्पना एकविसाव्या शतकाची म्हणून सांगितली गेली. मुंबईच्या वाचकाने इथे काळा घोड्याकडे मान वळवावी. वॉटसन्स हॉटेलाचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवला गेला, त्याचे भाग जहाजाने मुंबईला आले आणि इथे जोडले गेले. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिशचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने तिथेच पाहिली. पुढे त्याची भाड्याच्या खोल्यांची आणि कचेऱ्यांची इमारत झाली, २००५ साली दर्शनी सज्जाचा भाग कोसळला, आणि आज तिची अवस्था सर्वांसमोर आहे. कारखान्यातली अचूकता इमारतीला जन्म देते. ती पुढे टिकवायची जबाबदारी कोणाची, हे कारखान्यात ठरत नसते. बोवरीच्या पेट्यांना अजून दहा वर्षेही झालेली नाहीत.

श्रेगरनेही २०१७ साली, वयाच्या सत्तरीत, बोवरीपासून हाकेच्या अंतरावर क्रिस्टी स्ट्रीटवर ‘पब्लिक’ हे हॉटेल काढले. रचना हेर्त्सोग आणि द म्यूराँ यांची. भाडे दीडशे डॉलरपासून, आणि घोषणा ‘सर्वांसाठी चैन’. सामान उचलणारा माणूस नाही, नेहमीच्या अर्थाने खोलीत खाणे आणून देणारा नाही, नोंदणी टॅब्लेटवर. नारिंगी उजेडात वर चढत जाणारा सरकता जिना मात्र आहे, आणि छायाचित्रे त्याचीच. इथे मला त्या लेस विणणाऱ्या मुलीची पुन्हा आठवण होते. पॅरामाउंटमध्ये श्रम निदान चित्रात तरी होते. ‘पब्लिक’मध्ये हमाल आणि वेटर हे जुन्या जमान्याचे ओझे म्हणून मोडीत निघतात, आणि त्यांचा वाचलेला पगार पाहुण्याला स्वातंत्र्य म्हणून विकला जातो. चादर बदलणारी बाई तेवढी उरते, कारण चादर अजून यंत्राला बदलता येत नाही. तिच्या कामाला खोली किती अडचणीची आहे हे कुणी मोजले आहे का? भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या पलंगाची चादर खोचायला बाजूला उभे राहायची जागा नसते. पलंगावर चढूनच ती खोचावी लागते. सिटिझनएमच्या आराखड्याबद्दल माझी हीच एक मोठी तक्रार आहे. खोलीत राहणाऱ्याचा विचार तिथे बारकाईने झाला आहे. खोली आवरणाऱ्याचा झालेला दिसत नाही.

ब्लीकर स्ट्रीटवरची मिल्सची इमारत अजून उभी आहे. तिच्या तळाशी पुढे ‘व्हिलेज गेट’ हा जॅझचा प्रसिद्ध क्लब चालला, आणि वरच्या चिमुकल्या खोल्या एकमेकींत मिळवून सदनिका झाल्या. न्यूयॉर्कला गेलो होतो तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून मी तिच्या खिडक्या मोजायचा प्रयत्न केला. एका माणसाला एक, अशा त्या ओळीने आहेत. मॉर्गन्स २०१७ साली बंद झाले. ती न्हाणीघरे आता छायाचित्रांतच पाहायची. सिटिझनएम हे नाव २०२५ साली मॅरियट कंपनीने ३५.५ कोटी डॉलरला घेतले. तेव्हा मालिकेत ३६ हॉटेले होती. व्यवहारात मॅरियटकडे गेले ते नाव आणि त्यासोबतचे बौद्धिक हक्क. इमारती, म्हणजे त्या सगळ्या चौदा-चौदा मीटरच्या खोल्या, जुन्या मालकांकडेच राहिल्या.